वेरिबीतला डोमिशियन

माझे सासरे फेब्रुवारी २०२० मध्ये मेलबर्नला, आमच्या वेरिबीच्या घरी आले, तेव्हा ते अगदी गरीब गाय होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कोणाचा विश्वास बसणार नाही. फ्रिज उघडायचा तरी विचारायचे, "नीरजा, थोडं दूध घेऊ का गं?" मी आईला फोनवर म्हणालेसुद्धा, की अण्णा घरात आहेत की नाहीत ते कळत नाही. हे बोलले तेव्हा कुठेतरी पाल नक्की चुकचुकली असणार. मेलबर्नच्या घरांत पाली नसतात, म्हणून मला ऐकू आली नाही.

अण्णा म्हणजे विलास केळशीकर, वय चौऱ्याहत्तर. पुण्याच्या एका शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं इतिहास शिकवला, त्यातली शेवटची बावीस वर्षं पर्यवेक्षक म्हणून. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. तीन महिने लेकाकडे राहायचं, नातीला गोष्टी सांगायच्या आणि मे महिन्यात आंब्यांच्या वेळेला परत जायचं, असा बेत होता. मार्चमध्ये विमानं बंद झाली. आंबे गेले, गणपती गेले, अण्णा इथेच.

सत्ता एकदम येत नाही, आधी खुर्ची येते. अण्णांना डायनिंग टेबलाची खिडकीजवळची खुर्ची आवडायची, तिथे सकाळचं ऊन यायचं. मग त्या खुर्चीत दुसरं कोणी बसेनासं झालं. माझा नवरा हृषिकेश बेडरूममध्ये ऑफिस थाटून बसला होता, मी स्टडीत. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, लोकांच्या चुका शोधून त्यांना नम्र इमेल लिहिणं हा माझा धंदा. आमची नऊ वर्षांची स्पृहा आयपॅडवर शाळेत जायची. एके दिवशी पाहिलं तर वर्गात कॅमेरा बंद, माइक बंद, आणि ही बाई मांडी घालून केक सजवण्याचे व्हिडिओ बघतेय. तेव्हा माझ्या तोंडून ते वाक्य गेलं, ज्याचा मला पुढे सहा महिने पश्चात्ताप झाला.

"अण्णा, तुम्ही जरा बघाल का हिच्याकडे?"

आठवड्याभरात फ्रिजवर स्पृहाचं वेळापत्रक लागलं. महिन्याभरात त्यात माझं आणि हृषीचं नावही आलं. देवघरातली घंटा देवघरातून निघून टेबलावर आली आणि तासिका बदलली की वाजू लागली. सकाळी साडेसातला नाश्त्याच्या आधी हजेरी.

"हृषिकेश?"

"हजर."

"स्पृहा?"

"प्रेझेंट."

"हजर म्हण."

"आजोबा, देअर आर ओन्ली थ्री ऑफ अस. यू कॅन सी मी."

"हजर म्हण."

"हजर."

"नीरजा?"

मी "हं" म्हणायचे. माझं बंड ते एवढंच होतं, पण मी ते एक दिवसही सोडलं नाही.

दुसऱ्या लॉकडाउनमध्ये तर कळसच झाला. सरकारनं सांगितलं होतं, घरापासून पाच किलोमीटर, दिवसातून एक तास, रात्री आठनंतर संचारबंदी. अण्णांची संचारबंदी साडेसातला लागायची. हीटर सतरावर, त्याच्या वर बोट नेलं तर "स्वेटर घाला". ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी त्यांनी सगळ्यांना बरोबर सात वाजता जेवायला बोलावलं. बघते तर प्रत्येकाच्या ताटाशेजारी नाव घातलेला एक दुमडलेला कागद. प्रगतिपुस्तकं! माझ्यात लिहिलं होतं: स्वयंपाक बरा. वक्तशीरपणा साधारण. ऐकून घेण्याची वृत्ती, सुधारणेस वाव आहे. खाली पालकांच्या सहीसाठी रेघ ओढून ठेवली होती. माझे पालक नाशिकला होते, म्हणून सही हृषीनं केली. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आणि तो फोन! जुलैपासून रोज सकाळी साडेअकराला अण्णा हॉलमध्ये उभे राहून पुण्याला फोन लावायचे. पुण्यात तेव्हा सात वाजलेले असायचे. साडेअकराला माझी टीमची मीटिंग. आमच्या भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा, आणि अण्णांचा आवाज छत्तीस वर्षं साठ-साठ पोरांच्या वर्गात कमावलेला.

"किती?" ते गरजायचे. "त्र्याण्णव? त्र्याण्णव चालणार नाही! उद्या मला पंच्याण्णव पाहिजेत. सबबी सांगू नकोस, पालथा झोप! जेवलास का? का नाही? ऊठ आणि जेव!"

मीटिंगमध्ये माझा मॅनेजर विचारायचा, "एव्हरीथिंग ओके देअर, नीरजा?" मी म्हणायचे, "ऑल गुड, मेट," आणि माइक बंद करून मनातल्या मनात हात जोडायचे. पुण्यातलं कुठलं तरी बिचारं पोर सकाळी सातला उठून या माणसाला मार्क सांगत होतं. त्र्याण्णवला शिव्या! आमच्या वेळी त्र्याण्णवला पेढे वाटायचे. पालथा झोप ही कसली शिक्षा, हे मला कळेना, पण अण्णांच्या शिक्षा त्यांनाच माहीत. मी हृषीला म्हणाले, "तुझे वडील रिटायर झालेत हे त्यांना कोणीतरी सांगा रे." हृषी म्हणाला, "तू सांग." आमच्या घरात सगळे निरोप असेच अडायचे.

पण एक मात्र मान्य केलं पाहिजे. आपण कडक होतो, हे अण्णांना ठाऊक होतं आणि त्याचा अभिमानही होता. ते म्हणायचे, "आमच्या शाळेत प्रत्येक मास्तराला टोपणनाव होतं. बोकड, मिरची, रॉकेल. मला एकट्याला नव्हतं. का? पोरांचं प्रेम! मारलं तरी प्रेम." हे सांगताना त्यांचा चेहरा इतका मऊ व्हायचा, की मी भांडायला तोंड उघडलेलं असलं तरी मिटायचे. बायको गेलेली, गाव दहा हजार किलोमीटरवर. माणसाकडे एवढी एकच पुंजी होती आणि ती ते जपून वापरत होते.

सप्टेंबरमध्ये पुण्याहून त्यांचा एक जुना विद्यार्थी, शैलेंद्र देवधर, याचा फोन आला. चौऱ्याऐंशी सालची दहावी ब झूमवर जमतेय, सर, घरात बसून सगळ्यांना वेड लागलंय, तुम्ही व्याख्यानमाला घ्या. चार रविवार, पुण्याचे अकरा, आमचे दुपारचे साडेतीन. अण्णांनी तीन मिनिटं आढेवेढे घेतले आणि चौथ्या मिनिटाला विषय जाहीर केला: रोमचा जुलमी सम्राट डोमिशियन, उदय आणि अस्त.

पहिल्या रविवारी मी ओट्याशी भोपळा चिरत होते. अण्णा टाय लावून हृषीच्या लॅपटॉपसमोर बसले होते. "डोमिशियन," ते म्हणाले, "हा सम्राट व्हेस्पेशियनचा धाकटा मुलगा. थोरला टायटस लोकांचा लाडका. धाकट्याला कोणी विचारत नव्हतं. गप्प बसायचा, मिळेल ते खायचा. सगळ्यांना वाटलं, गरीब आहे."

माझी सुरी थांबली.

"मग वडील गेले, भाऊ गेला, आणि एके दिवशी घर रिकामं झालं. रिकाम्या घरात जो बसलेला असतो, तो राजा."

मी खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. पुढे तर हसू आवरेना. सम्राट झाल्यावर हा डोमिशियन म्हणे रोज तासभर खोलीचं दार लावून माश्या पकडायचा आणि लिहायच्या टोकदार कलमानं टोचून मारायचा. बाहेर कोणी विचारलं, की महाराजांबरोबर आत कोण आहे, तर एक सरदार म्हणाला, "माशीसुद्धा नाही." हे सांगत असताना अण्णांच्या उजव्या हाताशी गुंडाळलेलं वर्तमानपत्र होतं. वसंत ऋतू लागला होता, वेरिबीत माश्या सुरू झाल्या होत्या, आणि अण्णांचा त्या दिवशीचा आकडा अकरा होता. स्पृहा रोज तो फ्रिजवर लिहायची.

दुसऱ्या रविवारी सम्राटानं लोकांना स्वतःला 'स्वामी आणि ईश्वर' म्हणायला लावलं. तिसऱ्या रविवारी त्यानं सरदारांना काळ्या रंगानं रंगवलेल्या दालनात जेवायला बोलावलं, प्रत्येकाच्या शेजारी त्याचं नाव कोरलेला थडग्याचा दगड ठेवला. मी आणि हृषीनं एकमेकांकडे पाहिलं. प्रगतिपुस्तक! अण्णांना मात्र काही म्हणजे काही जाणवलं नाही. ते रंगून सांगत होते. चाळीस चौकोनांमधली पन्नाशीची माणसं चिडीचूप ऐकत होती, आणि अण्णा मध्येच "गुरुदत्त, खिडकीबाहेर काय बघतोस?" असं म्हणाले की त्या चौकोनातला टकला गृहस्थ दचकून सरळ बसायचा.

चौथा रविवार, चार ऑक्टोबर. शेवटचं व्याख्यान, सम्राटाचा अस्त. इथे घड्याळाचं थोडं सांगायला हवं. मेलबर्नला वर्षातून दोनदा घड्याळं फिरवतात. एप्रिलमध्ये एक तास मागे, ऑक्टोबरमध्ये एक तास पुढे. एप्रिलमध्ये हृषीनं हॉलमधलं घड्याळ मागे घेतलं तेव्हा अण्णांनी आकांडतांडव केलं होतं. "वेळ काय सरकारच्या तीर्थरूपांची आहे? यापुढे माझ्या परवानगीशिवाय या घड्याळाला हात लावायचा नाही!" त्यामुळे ऑक्टोबर आला तेव्हा हृषीनं शनिवारी संध्याकाळी, अण्णा अंघोळीला गेलेले असताना, स्टुलावर चढून चोरासारखं घड्याळ पुढे केलं.

रविवारी सकाळी मी विचारलं, "अण्णांना सांगितलंस?"

"तू सांग ना."

"वडील तुझे."

"पण ते तुला जास्त मानतात."

"ऐकून घेण्याची वृत्ती, सुधारणेस वाव आहे," मी म्हणाले आणि विषय संपला. म्हणजे अण्णांना कोणीच सांगितलं नाही.

दुपारी घड्याळात साडेतीनला पाच कमी असताना अण्णा टाय लावून आले. हृषीचा लॅपटॉप नेमका अपडेट होत बसला होता, म्हणून मी स्पृहाचा आयपॅड दिला आणि लिंक दाबली. तो आयपॅड झूमवर आपोआप माइक आणि कॅमेरा बंद करूनच शिरतो. स्पृहानं तशी सोय करून ठेवलीय, म्हणजे वर्गात बसून बिस्किटं खाता येतात. पडद्यावर सहा-सात चौकोन उघडले. आमच्या काळ्या चौकोनावर फक्त नाव होतं, स्पृहा.

मी कॅमेरा सुरू करायला बोट पुढे नेलं आणि आतून आवाज आला.

"बस खाली, गाढवा! रोमचं साम्राज्य तुझ्यासारख्यांनीच बुडवलं!"

हुबेहूब अण्णा. तीच घसरण, शेवटी तोच खाकरा. बोलत होता तो टकला गुरुदत्त. बाकीचे पोट धरून हसत होते. हे सगळे पुण्याच्या दहा वाजता, सर यायच्या तासभर आधी, गप्पा मारायला जमले होते. पुण्यात दहाच वाजले होते. एका क्षणात माझ्या सगळं लक्षात आलं.

"चला," गुरुदत्त म्हणाला, "आज शेवटचं. आज जमदग्नीच्या तावडीतून सुटलो एकदाचे."

"ए, हळू," एक बाई हसत म्हणाल्या. चौकोनावर नाव होतं मेधा. "जमदग्नी ऐकेल."

"चाळीस वर्षं ऐकलं नाही, आता काय ऐकतोय!"

मी आयपॅड ओढायला गेले. अण्णांनी हात वर केला, वर्गाला गप्प करायचा तो हात. मी थांबले. आता सांगायला लाज वाटते, पण पहिला अर्धा क्षण मला बरं वाटलं. सहा महिने मी या दिवसाची वाट बघत होते. मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला कसंतरी झालं.

मेधा सांगत होत्या, की नकाशाची वही विसरले म्हणून सरांनी मला दिवसभर दाराबाहेर उभं केलं होतं, अजून कुठे जायचं असलं की मी नकाशा उघडत नाही, रिक्षावाल्याला विचारते. श्यामला नावाच्या बाई म्हणाल्या, आमच्या घरी मुलगा जेवला नाही की आम्ही अजून जमदग्नीला बोलावू का म्हणून विचारतो, आणि तो तर त्यांना कधी भेटलेलाही नाही. म्हणजे टोपणनाव नुसतं शाळेत राहिलं नव्हतं, दुसऱ्या पिढीत पोचलं होतं. अण्णा टायची गाठ धरून बसले होते.

"मला एक कळत नाही, शैल्या," गुरुदत्त एकदम गंभीर होऊन म्हणाला. "तू का करतोस हे सगळं? तुझं नाव पुसलं त्यानं. आदर्श विद्यार्थी, चौऱ्याऐंशी. मागच्या वर्षी शाळेत गेलो होतो मी. आदर्श विद्यार्थ्यांच्या त्या फळ्यावर त्र्याऐंशीचं नाव आहे, पंच्याऐंशीचं आहे, मध्ये अजून काळा पट्टा."

"मी घंटा वाजवली होती ना," शैलेंद्र म्हणाले. बारीक, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. "मॅच होती, म्हणून वीस मिनिटं आधी वाजवली. अख्खी शाळा घरी गेली."

"म्हणून रंगारी बोलावून नाव पुसायचं?"

शैलेंद्रनी दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "जुलैमध्ये मी कोविड सेंटरला होतो, चौदा दिवस. बायको दुसरीकडे, मुलगा तिसरीकडे. आजूबाजूला रोज एखादी कॉट रिकामी व्हायची. मी जेवण सोडलं होतं रे. तुमच्यापैकी कोणीतरी सरांना कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ऑस्ट्रेलियातून फोन. हॅलो नाही, कसा आहेस नाही. 'शैलेंद्र देवधर?' मी झोपेत म्हणालो, 'हजर, सर.' 'ऑक्सिजन किती?' म्हटलं, त्र्याण्णव. 'चालणार नाही. उद्या पंच्याण्णव पाहिजेत. गृहपाठ समज.' रोज. चौदा दिवस. सात वाजता हजेरी द्यायची आहे म्हणून मी रात्रभर पालथा झोपायचो. देवाशपथ सांगतो, मरायची भीती वाटत नव्हती एवढी सातला आकडा कमी सांगायची वाटायची."

कोणी हसलं नाही. मी ओट्याला धरून उभी होते. पंच्याण्णव! जुलैत मी रोज साडेअकराला मनातल्या मनात या माणसाला काय काय म्हटलं होतं, ते सगळं मला आठवलं.

"आणि नाव?" गुरुदत्तनं विचारलं. "त्याबद्दल काही बोलला?"

"नाही. अजून रविवार सोडून रोज फोन करतात, पण त्याबद्दल एक शब्द नाही." शैलेंद्र कसनुसं हसले. "बावन्न वर्षांचा झालो मी. तरी त्या रस्त्यानं गेलो की गाडी हळू करून खिडकीतून तो फळा दिसतो का बघतो. एकदा तरी त्यांनी माझ्याकडे तो विषय काढावा, एवढंच वाटतं. जाऊ दे."

"ही स्पृहा कोण आहे रे?" मेधा म्हणाल्या.

"कोणाची तरी मुलगी असेल, बापाचा आयपॅड घेऊन बसलेली."

अण्णांनी स्वतःच बोट पुढे केलं आणि बाहेर पडायचं लाल बटण दाबलं. घर एकदम शांत झालं. आतून फक्त हृषीच्या फोनवर चाललेल्या स्पृहाच्या गेमचा आवाज येत होता.

"पुण्यात किती वाजलेत?" त्यांनी विचारलं.

"दहा वाजून गेलेत, अण्णा. आज पहाटेपासून घड्याळं एक तास पुढे गेलीत."

"मला का नाही सांगितलं?"

खोटं बोलता आलं असतं. विसरलो म्हणाले असते तर संपलं असतं. "घाबरलो," मी म्हणाले. "आधी घड्याळाला हात लावायला घाबरलो, मग सांगायला."

"कोणाला घाबरलात?"

मी फ्रिजवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं. त्यांनीही तिकडे पाहिलं. मग म्हणाले, "डोमिशियनला ज्योतिष्यानं सांगितलं होतं, तुला मरण पाचव्या तासाला येईल. त्या दिवशी त्यानं विचारलं, किती वाजले? पाचवा तास चालू होता. पण नोकर म्हणाले, सहावा. म्हणून तो निश्चिंत झाला, सुरा लपवून आलेल्या माणसाला त्यानं स्वतःच आत बोलावलं आणि मेला. छत्तीस वर्षं शिकवतोय मी हे. म्हणायचो, बघा, नोकर किती नालायक." ते उठले. "त्यांना असं का करावंसं वाटलं, हे एकाही वर्गात सांगितलं नाही."

ते मागच्या अंगणात गेले. खिडकीतून मला दिसत होते. कपडे वाळत घालायच्या दांडीखाली पाठमोरे उभे राहून ते पुटपुटत होते, बोटं मोजत होते. एक माशी त्यांच्या बाहीवर बसली. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मारली. माणूस तासाभरात किती बदलणार!

साडेचारला, म्हणजे पुण्याच्या ठीक अकराला, ते लॅपटॉपसमोर बसले. हृषीला मी सगळं सांगितलं होतं. आम्ही दोघं आणि स्पृहा मागे सोफ्यावर, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे बसलो होतो. चाळीस चौकोन भरले, "नमस्कार सर" झालं. गुरुदत्त सगळ्यात मोठ्यानं म्हणाला.

व्याख्यान नेहमीसारखंच झालं. आवाज एकदाही हलला नाही. सम्राट संशयी झाला. येता-जाता मागचं दिसावं म्हणून त्यानं भिंतींना चकचकीत दगड बसवले, तरी मागून कोण येतंय ते त्याला कळलं नाही. हाताला खोटं बँडेज बांधून त्यात सुरा लपवलेला माणूस आला. मग सिनेटनं ठराव केला, की जिथे जिथे डोमिशियनचं नाव कोरलंय तिथून ते खरवडून काढा. लोक शिड्या लावून चढले.

"आता नीट ऐका," अण्णा म्हणाले. "नाव खरवडलं की दगडावर खड्डा राहतो. दोन हजार वर्षांनी लोक तो खड्डा बघतात आणि विचारतात, इथे कोण होतं? पुसणाऱ्यांना ही अक्कल नव्हती. मलाही नव्हती." ते पाणी प्यायले. "व्याख्यान संपलं. आता हजेरी. दहावी ब."

समोर कागद नव्हता. छत्तीस वर्षांपूर्वीची हजेरी त्यांना क्रमानं पाठ होती. अंगणात तीच चालली होती. "एक, अनंत आपटीकर." "हजर." जे नव्हते त्यांच्या नावाला थांबायचे. दोन नावांना कोणीतरी हळूच म्हणालं, "तो गेला, सर," तेव्हा ते मान हलवून पुढे गेले. सतराव्या नावाला "गुरुदत्त नेर्लेकर," "हजर, सर." श्यामलाबाई झाल्या. मेधाबाईंच्या नावापाशी ते म्हणाले, "तुला दिवसभर उभं केलं. एक तास पुरे होता." मेधाबाईंचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी हळूच सगळ्या चौकोनांवरून नजर फिरवली. स्पृहा कोण, हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

"बत्तीस. शैलेंद्र देवधर."

"हजर, सर."

"आदर्श विद्यार्थी, एकोणीसशे चौऱ्याऐंशी," अण्णा म्हणाले. "घंटा वाजवलीस त्याची शिक्षा द्यायला हवीच होती. पण मला राग घंटेचा नव्हता. अख्खी शाळा माझ्याऐवजी तुझं ऐकून घरी गेली, त्याचा होता. म्हणून नाव पुसलं. ते चुकलं. विमानं सुरू झाली की मी येतो. रंगारी नको, मी स्वतः लिहीन. माझं अक्षर चांगलं आहे."

 शैलेंद्रनी चष्मा काढला आणि त्यांचा चौकोन एकदम छताचा पंखा दाखवायला लागला. फोन आडवा पडला असणार.

हजेरी बावन्नावर संपली. आम्हाला वाटलं, झालं. अण्णांनी टायची गाठ नीट केली.

"त्रेपन्न. जमदग्नी."

चाळीस चौकोन गोठले. नेट गेलं की काय असं वाटलं मला. गुरुदत्तच्या टकलावर घाम दिसत होता, दहा हजार किलोमीटरवरून. सोफ्यावर स्पृहा माझ्या कानात म्हणाली, "हू इज जमदग्नी?" मी तिचा हात दाबला.

"जमदग्नी?" अण्णांनी दुसऱ्यांदा पुकारलं, आणि स्वतःचा उजवा हात वर केला.

"हजर," ते म्हणाले.

पहिल्यांदा कोण उठलं, ते मला दिसलं नाही. बहुतेक शैलेंद्रच, कारण पंख्याच्या जागी एकदम त्यांचा शर्ट आला. सर वर्गात आले की उठायचे, तसे ते सगळे उठले. एकामागोमाग डोकी पडद्याबाहेर गेली आणि चाळीस चौकोनांत नुसती चाळीस पोटं उरली. वर इस्त्रीचे शर्ट होते, ठेवणीतल्या साड्या होत्या, आणि खाली जे जे कधीच दिसायचं नव्हतं ते सगळं होतं. कोणाची लुंगी, कोणाचा पायजमा, कोणाच्या रेशमी पदराखाली नाइटी. गुरुदत्तची पिवळ्या बदकांची हाफ पँट. हृषी उभा होता, स्पृहा उभी होती. मीही कधी उभी राहिले, मला कळलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसू थांबत नव्हतं.

"हजर," मी म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले.

अण्णांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे वळून त्या चाळीस पोटांवरून सावकाश नजर फिरवली, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत.

"बसा खाली," ते म्हणाले. "गुरुदत्त, तू आधी पँट घालून ये."